एका श्वासाइतका उशीर

“मी शिव्या देत नाही, मी फक्त मोठ्याने काळजी करतो,” असं भोंगा मिस्त्री एकदा आपल्या मुलीला म्हणाला.

मुलगी हसली नाही. ती दारातच उभी होती आणि तिने पायातल्या चपला काढल्या नव्हत्या. बालवाडीच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. तिच्या चार वर्षांच्या पोरीचा ठोकळ्यांचा मनोरा शेजारच्या मुलाने पाडला आणि पोरीने त्याला एक शिवी हासडली. तीही अशीतशी नाही. पहिला शब्द लांबवून, दुसरा घणासारखा आपटून, मधे दम न घेता. वर्गातली सगळी मुलं जागच्या जागी थिजली. बाई म्हणाल्या, असली शिवी मुलं रस्त्यावरून उचलत नाहीत, ही घरात बसून घोटून घेतलेली आहे.

“तुमची आहे ती, बाबा,” मुलगी म्हणाली. “चालीसकट तुमची.”

“छटाक हुशार आहे.” नातीला तो छटाक म्हणायचा.

“झालं. तुम्हाला यातही कौतुकच वाटणार.” मुलीने ओठ चावला. घरून ठरवून आणलेलं वाक्य मोडू नये म्हणून ती हळू बोलत होती. “तुमचं तोंड सुधारेपर्यंत ती इथे येणार नाही. आणि तुम्हीही आमच्याकडे येऊ नका.”

ती आली तशी गेली. त्यावर मिस्त्रीच्या तोंडून जे निघालं ते तिने जिना उतरताना ऐकलं.

मिस्त्री लोखंड ओतायच्या कारखान्यात फोरमन होता. भट्टीत लोखंड वितळवायचं, क्रेनला टांगलेल्या भल्यामोठ्या बादलीत घ्यायचं आणि जमिनीवर मांडलेल्या वाळूच्या साच्यांत ओतायचं. सांगायला एवढंच. पण भट्टीला वारा घालणारा पंखा दिवसभर हंबरत असे, क्रेन डोक्यावरून खडखडत जाई, पलीकडच्या बाजूला थंड झालेल्या ओतीव तुकड्यांवर घण पडत असत. कानात बोटं घातली तरी तो आवाज दातांतून ऐकू यायचा. माणसांना नावं असतात ती शांत जागेत वापरण्यासाठी. इथे नाव तोंडातून निघून समोरच्यापर्यंत पोचेतो वाटेतच विरघळून जाई.

पोचायचा तो फक्त मिस्त्रीचा आवाज, म्हणून त्याचं नाव भोंगा. आणि त्या आवाजात फक्त शिव्या. प्रत्येक माणसाची शिवी वेगळी होती. क्रेनवाल्याची लांब, ओढत नेलेली, वरच्या पट्टीत जाऊन लोंबकळणारी. साचे भरणाऱ्याची तुटक, खांडोळ्यांसारखी. बादलीतली मळी काढणारा एक उंच, मान पुढे काढून चालणारा माणूस होता, त्याला सगळे बगळा म्हणायचे. त्याची शिवी दोनच शब्दांची होती आणि दुसरा शब्द ऐकू येईपर्यंत बगळा एक ढांग मागे सरलेला असे. त्या शिव्यांत कोणाची आई होती, कोणाचं काय होतं, हे कोणी ऐकत नसे. माणसं चाल ऐकत. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि कोणी विचारलं असतं तर मिस्त्रीसकट सगळ्यांनी सांगितलं असतं की आमचा मिस्त्री तोंडाचा घाण आहे, बाकी काही नाही.

हाच आवाज तो सायंकाळी घरी न्यायचा. तिथे पंखा हंबरत नव्हता. दोन खोल्या, एक गॅलरी, स्वयंपाकघरात बायको. भाजीत मीठ कमी पडलं की मिस्त्री कारखान्याच्या मापाने बोलायचा, आणि दोन खोल्यांना ते माप सोसायचं नाही. बायको “हो, आणते” एवढंच म्हणायची. खाली त्याच्या सायकलचं स्टँड लागल्याचा आवाज आला की मुलगी पुस्तक घेऊन पलंगाखाली जायची आणि तिथेच अभ्यास करायची. तिला चष्मा लवकर लागला. डॉक्टरांनी विचारलं, ही अंधारात वाचते का? मिस्त्रीने डॉक्टरांच्या समोरच बायकोला विचारलं, कशी आई आहेस तू, आणि पुढचं जे विचारलं ते डॉक्टरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. बायको गेली तेव्हा हूं की चूं न करता गेली. मिस्त्री तिच्या उशाशी बसून तिच्यावर ओरडत होता, की औषध का घेतलं नाहीस. त्याला वाटत होतं तो रडतो आहे. मुलीला जे ऐकू येत होतं ते तिने कधी विसरायचं नाही असं ठरवलं.

तेव्हा नातीला येऊ न देण्यात मुलगी चुकली होती असं म्हणायला जागा नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

छटाक यायची बंद झाली आणि मिस्त्रीच्या घरात रविवार नावाचा एक मोठा रिकामा डबा येऊन पडला. एकदा तो बालवाडीच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. पोरीने त्याला पाहिलं, हात वर केला, आणि मुलीने तो हात खाली ओढून तिला चालवत नेलं. मिस्त्री रस्ता ओलांडायला धजला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मूग गिळून उभा राहिला.

शेवटी जावयाला दया आली. जावई हळू बोलणारा, दवाखान्याच्या कचेरीत काम करणारा माणूस. मिस्त्री त्याला पाठीमागे ‘कापूस’ म्हणायचा. तो म्हणाला, “बाबा, आमच्याकडे एक बाई बसतात. सवयी सोडवतात. एकदा येऊन तर बघा.”

“मला काय दारूचं व्यसन आहे का रे?”

“नाही. दारू पिणारे बाटली घरात लपवतात तरी.”

मिस्त्रीला हे लागलं. आणि तो गेला.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. बाई चांगल्या होत्या. कोणाला कमी लेखायच्या नाहीत, ऐकताना मधे बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, सवय उपटून काढता येत नाही, तिच्या जागी दुसरी लावावी लागते. जिभेवर शिवी आली की ओठ मिटायचे. नाकाने एक लांब श्वास, पोटापर्यंत. सावकाश सोडायचा. मग समोरच्याचं नाव घ्यायचं, मानाने. आणि मग काय सांगायचं ते सांगायचं.

“तेवढ्यात समोरचा निघून गेला तर?” मिस्त्रीने विचारलं.

“मग तुमचं काम त्याच्यापाशी नव्हतंच,” बाई म्हणाल्या. खोलीतले सगळे हसले, मिस्त्रीही हसला.

त्याने आधी हुशारी केली. कारखान्याच्या फाटकाच्या आत जुनी जीभ, बाहेर नवी. दिवसा जिभेला मोकळं सोडायचं आणि सायंकाळी बांधून घरी आणायचं. तो बाईंकडे जातो हे कळल्यावर मुलीने एका दुपारी त्याला बोलावलं, आणि छटाकने त्याच्या मांडीवर बसून दुधाचा पेला कलंडवला. मिस्त्रीने ओठ मिटले, पण शिवी आधीच बाहेर पडलेली होती. मुलीने फडकं आणलं, दूध पुसलं, आणि त्याची टोपी त्याच्या हातात दिली.

बाईंना त्याने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अर्धी सवय ही सवयच नसते. दिवसाचे आठ तास जुनी पाळता आणि तासभर नवी. कोण जिंकणार? जिथे जास्त शिव्या देता तिथेच सुरुवात करा.”

त्यांच्या जागी दुसरं कोणीही हेच म्हणालं असतं. मिस्त्रीने त्यांना कारखान्यातल्या शिव्यांचं काम सांगितलं नव्हतं, कारण ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण अशी की माणसांची नावं त्याला येत नव्हती. इतकी वर्षं ज्यांना तो ओरडला त्यांना आईबापांनी काय म्हटलं होतं हे त्याने हजेरीच्या खिडकीत जाऊन विचारून घेतलं. क्रेनवाल्याला पहिल्यांदा नावाने, राव लावून, हाक मारली तेव्हा तो क्रेन थांबवून खाली उतरला.

“मिस्त्री, माझं काही चुकलं का?”

“नाही. बादली जरा डावीकडे घ्या.”

“घ्या?” क्रेनवाल्याचा चेहरा उतरला. “मिस्त्री, सरळ सांगा. कामावरून काढताय ना?”

साचे भरणारा म्हणाला, मिस्त्रींना डॉक्टरने काहीतरी सांगितलंय, शेवटचे दिवस आले की माणूस असा गोड होतो. कोणी म्हणालं, पुन्हा लग्न करतायत. काम सावकाश चालू लागलं. कारण मिस्त्री आता पंख्याचा आवाज ओलांडण्यासाठी माणसाच्या जवळ चालत जाई, श्वास घेई, नाव घेई आणि सांगे. वेळ जायचा, पण कोणाचं काही अडलं नाही. हळूहळू माणसांना ते आवडायला लागलं. आपलं नाव भट्टीच्या धगीत, काळ्या वाळूत उभं राहून ऐकायला मिळणं ही गोष्ट त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नव्हती.

बगळ्याला तर त्याचं वेडच लागलं. मिस्त्रीने नावाने हाक मारली की तो हातातलं काम टाकून पूर्ण वळायचा, छातीवर हात ठेवायचा आणि मान झुकवून म्हणायचा, “हुकूम, सरकार!” दर वेळी. सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचा. “अजून एकदा म्हणा की, मिस्त्री,” बगळा म्हणायचा, “बायकोला जाऊन सांगतो.”

आणि छटाक परत आली. मुलगी तिला दर रविवारी सोडून जायची, पुढे पुढे स्वतःही थांबायची, चहा करायची, आईच्या जागेवर बसून भाजी निवडायची. एकदा ती काहीतरी शोधायला वाकली आणि पलंगाखाली बघत तशीच राहिली. मग उठून म्हणाली, “इथे किती धूळ आहे, बाबा,” आणि झाडू घेऊन आली. मिस्त्रीला आपलं घर ऐकू यायला लागलं होतं. नळाची टिपटिप, गॅलरीत कबुतरांची घुटरघूं, नातीचं स्वतःशी बोलणं. ती बाहुलीला रागवायच्या आधी नाक फुगवून श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, “बाहुलीताई, तुम्ही जेवा बरं.” इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं आणि आपण वरून ओरडत होतो, असं त्याला वाटायचं, आणि त्याला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. हे सुख खोटं नव्हतं. खोटं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

त्या दिवशी वाळूच्या ढिगावर पाणी मारलेलं होतं आणि बगळ्याची सळई त्या ढिगाला टेकून उभी होती. वितळलेल्या लोखंडावर मळीची साय धरते, बगळा ती लांब सळईने बाजूला सारायचा. सळई आधी भट्टीच्या तोंडाशी धरून कोरडी करायची हा तिथला पहिला धडा. ओल लोखंडात गेली की तिची वाफ होते, आणि वाफ लोखंडाला घेऊन वर उसळते. बगळ्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. रोजचं काम करताना माणूस एखाद दिवशी कुठेतरी दुसरीकडे असतो, तसा तो होता. त्याने सळई उचलली आणि तो बादलीकडे निघाला.

मिस्त्री दूर होता. चालत जाऊन पोचण्यासारखं अंतर नव्हतं. त्याला सळईचं टोक दिसलं. ओलं लोखंड कोरड्यापेक्षा किंचित काळं दिसतं, तेवढं काळं त्याच्या डोळ्याने टिपलं. बगळ्याची ती दोन शब्दांची शिवी जिभेच्या मुळापर्यंत आली, आणि तिथे दार लावलेलं होतं. ओठ मिटले. नाकाने श्वास आत गेला, पोटापर्यंत पोचला, सावकाश बाहेर आला. हे त्याने केलं नाही, ते झालं. मग त्याने सगळ्या ताकदीने बगळ्याला हाक मारली, पूर्ण नावाने, राव लावून, आणि म्हणाला, “थांबा!”

बगळा वळला. सळई तोवर बादलीच्या काठावर होती. छातीवर ठेवण्यासाठी त्याने एक हात सोडला. तो हसत होता. एका हातात न पेलणारी सळई खाली झुकली आणि टोक लोखंडात गेलं.

बगळ्याचा उजवा डोळा गेला. उजवा कान आणि मानेवरची कातडी मेणासारखी ओघळून परत थिजली. जीव वाचला, सगळे म्हणाले, नशीब.

कारखान्याच्या कचेरीतले लोक आले. इशारा दिला होता का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. प्रत्येकाने सांगितलं, हो, मिस्त्रींनी हाक मारली होती, नावाने, स्पष्ट, आम्ही ऐकली. त्यांनी मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. खोटं कोणीच बोललं नाही.

हात धुवायच्या नळापाशी क्रेनवाला त्याच्या शेजारी उभा होता. बराच वेळ साबण नुसता फिरवत होता.

“एक सांगू, मिस्त्री? तुमची ती जुनी ऐकू आली असती ना, तर तो समजायच्या आत मागे असता. आम्ही सगळेच तसे. तुमची शिवी पाय आधी ऐकायचे, कान मागाहून.” मग घाईघाईने म्हणाला, “तुम्हाला लावून बोलत नाही हं.”

मिस्त्री इस्पितळात गेला. बगळा भिंतीकडच्या खाटेवर होता, अर्ध्या तोंडाला पट्ट्या. त्याची बायको स्टुलावर बसून त्याला चमच्याने पाणी पाजत होती. मिस्त्री कॉटच्या दांडीला धरून उभा राहिला.

“बसा की,” बगळा उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाला. “हुकूम, सरकार म्हणायचं राहूनच गेलं त्या दिवशी.”

मिस्त्री उभाच राहिला.

“काही धोका असेल असं मला वाटलंच नाही हो, मिस्त्री. एवढ्या अदबीने हाक आली, मी म्हटलं, काहीतरी चांगलंच असणार.”

बायकोने चमचा वाटीत ठेवला. ती मिस्त्रीकडे बघत नव्हती.

“घरी येऊन रोज सांगायचे,” ती म्हणाली. “‘मिस्त्री आता अहो म्हणतात मला.’ मी म्हणायची, बरं झालं बाई, इतक्या वर्षांनी कोणीतरी माणसात धरलं.” तिने पदराने नवऱ्याच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं. “सुटली ना तुमची सवय? चांगलं झालं.”

“वहिनी,” मिस्त्री म्हणाला, आणि कॉटच्या दांडीवरचा हात काढून दाराकडे वळला.

तो तिथून सरळ मुलीकडे गेला. छटाक झोपली होती, दुपारची वेळ. मुलीने त्याला पाणी दिलं. त्याने पेला हातात तसाच धरून सगळं सांगितलं. श्वासाचंही सांगितलं.

“मी उशीर केला,” तो म्हणाला. “ओरडलो असतो तर त्याचा डोळा राहिला असता.”

“तुम्ही हाक मारलीत. सगळे तेच म्हणतायत.”

“ती हाक नव्हती गं. तिथे ती हाक नाही. तिथे...” कारखान्यातली गोष्ट या स्वच्छ खोलीत कशी सांगायची हे त्याला सुचेना. “तिथे शिवीच हाक असते.”

मुलगी उभी होती ती हळूहळू खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. मिस्त्रीने ते याआधीही पाहिलं होतं, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. सायकलचं स्टँड लागल्यावर ते या चेहऱ्यावर यायचं.

“बाबा, हे निमित्त करू नका,” ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते. परत सुरू करायला हे निमित्त शोधू नका.”

“मी निमित्त शोधत नाही.”

“मला खूप वर्षांनी वडील मिळालेत,” ती म्हणाली, आणि आत जाऊन छटाकच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली. ते सारखंच होतं.

कारखान्यात माणसांनीच मिस्त्रीला घेरलं. साचे भरणारा म्हणाला, “आजपासून अहोजाहो बंद. झेपत नाही आम्हाला. जिवावर बेततंय. द्या, सुरू करा, माझ्यापासून सुरू करा.” एवढे पुरुष आपल्याला कोणीतरी शिवी द्यावी म्हणून माना वर करून वाट बघत होते. मिस्त्रीने तोंड उघडलं. आत श्वास गेला. पोटापर्यंत पोचला. सावकाश बाहेर आला. तोवर क्रेनवाला दुसरीकडे बघायला लागला होता.

मग तो भंगाराच्या ढिगामागे एकटा जाऊन प्रयत्न करू लागला. शब्द सगळे आठवत होते. पण ते शाळेतला धडा वाचून दाखवल्यासारखे बाहेर पडत. त्यांच्यात चाल नव्हती. बाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं, सवय उपटून काढता येत नाही. ही नवीही येत नव्हती. या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मन लावून सुधारली होती आणि ती इतकी पक्की बसली होती की आता तो भट्टीसमोर उभा राहण्याच्या लायकीचा उरला नव्हता. त्याने साहेबांना तसं सांगितलं. साहेबांना कारण कळलं नाही. ते म्हणाले, धक्का बसलाय, वयही झालंय. चहा झाला, सगळ्यांनी हात मिळवले. बगळा आला नव्हता.

मुलीला आनंद झाला. तिने तो लपवला, पण नीट लपवता आला नाही. “त्या आवाजातून सुटलात, बाबा,” ती म्हणाली. तो आता तिच्याकडेच राहू लागला. छटाकला शाळेत सोडायचा, आणायचा. फारसं बोलायचा नाही. मुलीला वाटायचं, तो शांत झालाय. अधूनमधून तो बगळ्याच्या घरी जायचा. पण दाराशी पोचला की आतून त्याच्या बायकोचा आवाज येई, आणि तो तसाच मागे फिरे.

बाईंनी एक दिवस निरोप पाठवला. नवे लोक आलेत, बहुतेक चिडके, तोंडाळ; कोणाचाच विश्वास बसत नाही की माणूस बदलतो. मिस्त्रींनी येऊन दोन शब्द बोलावेत.

“नको,” मिस्त्री म्हणाला.

“माझ्यासाठी,” मुलगी म्हणाली. “एकदाच. मला ऐकायचंय तुमच्या तोंडून.” तिने त्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला. चालताना ती त्याच्या दंडाला धरून चालली, अशी ती लहानपणी कधी चालली नव्हती.

वरच्या मजल्यावरची तीच खोली, त्याच खुर्च्या. मुलगी पहिल्या ओळीत बसली, छटाक तिच्या मांडीवर. जावई मागे भिंतीला टेकून उभा. मिस्त्रीला बाईंनी आपल्या शेजारी बसवलं आणि त्याची गोष्ट सांगितली. बगळ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं; ठाऊक होती तेवढी गोष्ट त्यांनी चांगली सांगितली. पलंगाखालच्या अभ्यासाचंही सांगितलं. मुलीने ते त्यांना केव्हातरी सांगितलं असावं. ते ऐकताना मुलगी बापाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि त्यांत जुनं काही उरलं नव्हतं.

मागच्या ओळीतला एक बसड्रायव्हर उठला. लठ्ठ, मान लाल झालेला, बळेच पाठवलेला. “बाई, ते श्वासाचं ठीक आहे. पण गाडीपुढे कोणी आलं तर मी श्वास घ्यायचा की हॉर्न मारायचा?”

सगळे हसले. बाईही मनापासून हसल्या.

“हॉर्नच मारा हो! मी माणसांशी बोलण्याविषयी सांगतेय. माणसाशी बोलताना एका श्वासाने कोणाचं काही बिघडत नाही.” त्या मिस्त्रीकडे वळल्या. “मी कशाला सांगू? हेच सांगतील. सांगा, मिस्त्री. इतके दिवस झाले, तुमच्या त्या एका श्वासामुळे कधी कोणाचं काही बिघडलं का?”

बसड्रायव्हर उभाच होता. जावयाने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण तिचा हात छटाकच्या पोटावर घट्ट झाला होता, आणि ती मान हलवत होती, इतकी थोडी की ती फक्त मिस्त्रीलाच दिसावी. नाही म्हणा, बाबा. नाही म्हणा.

“आजोबा, बोल ना,” छटाक म्हणाली.

मिस्त्री उठला. बाईंना वाटलं तो उभं राहून बोलणार. त्यांनी लोकांना हाताने गप्प केलं आणि खुर्ची जरा मागे ओढून त्याला जागा करून दिली. त्याने मुलीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तो पहिल्या ओळीच्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधून, लोकांच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही असा अंग चोरत, बसड्रायव्हरच्या बाजूने दारापर्यंत गेला, दार उघडलं, आणि एकही शब्द न बोलता बाहेर पडला.